टाकीमागची टिटवी

बाळांनो, एक माळ डोळ्यांपुढे आणा. डोळे मिटू नका हं, मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच आणा. मे महिन्यातला माळ आहे. गवत वाळून मातीच्या रंगाचं झालंय. जिकडे तिकडे खडे पसरलेत, कुठे हरभऱ्याएवढे, कुठे लिंबाएवढे, कुठे चांगले बटाट्याएवढे. लांबवर एकच बाभूळ आणि अलीकडे चार पायांवर उभी असलेली गावाची पाण्याची टाकी. आला डोळ्यांपुढे? आता त्या खड्यांमध्ये एका पक्ष्यानं अंडी घातली आहेत. मातकट रंगाची, त्यांवर काळे ठिपके. शोधा बरं. नाही सापडत? मग तुम्ही अगदी बरोबर माळ आणलात.

हा माळ माण तालुक्यातला, दहिवडीच्या पुढे असलेल्या एका गावाचा. त्या गावात अर्फा नावाची मुलगी होती. उन्हाळ्याची सुट्टी संपली की ती सातवीत जाणार होती. घरात ती, तिची अम्मी आबेदा आणि आजोबा कुतुबुद्दीन. आजोबांना सगळं गाव नाना म्हणायचं, म्हणून अर्फाही नानाच म्हणायची. अब्बा, म्हणजे अश्फाक, मुंबईला टेम्पो चालवायचे. त्या गावातले निम्मे पुरुष मुंबईलाच असतात. ते गणपतीला येतात, जत्रेला येतात आणि पाऊस चांगला होणार असला तर पेरणीला येतात.

नानांचा एसटी स्टँडसमोर फोटो स्टुडिओ होता. पूर्वी लग्नसराईत त्यांना जेवायला सवड नसायची. आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला. नवरीची मैत्रीणच फोटो काढते आणि नवरदेव स्वतःचा स्वतः काढतो. स्टुडिओच्या काचेच्या कपाटात अजूनही जुन्या नवरदेवांचे फोटो लावलेले होते. उन्हानं त्यांच्या मिशा पिवळ्या पडल्या होत्या.

गेल्या जूनमध्ये एक दिवस नानांनी कॅमेरा पुसता पुसता अर्फाला म्हटलं, "माणसं काय आता आपल्यापुढं बसत न्हाईत बेटा. पाखरं बसत्यात का बघूया?"

"मला शिकवणार?"

"दोघं मिळून शिकू. मला तरी कुठं येतंय? मी आजवर एकाच पाखराचा फोटो काढलाय. तुझ्या अब्बाच्या लग्नात मांडवात चिमणी शिरली हुती."

ठरलं असं, की दर महिन्याला एक पिवळ्या मिशांचा नवरदेव कपाटातून काढायचा आणि त्या जागी आपल्या गावातल्या एका रानपाखराचा फोटो लावायचा.

पहिला नंबर लागला हुदहुदचा. डोक्यावर पंख्यासारखा तुरा आणि लांब वाकडी चोच. मशिदीमागच्या गवतात तो किडे शोधत होता. हा सुलेमान नबींचा निरोप्या, त्याच्यापासून सुरुवात केली की बरकत येईल, असं नानांचं म्हणणं. पण सवय कुठे जाते? नाना चार पावलं पुढे गेले, एक गुडघा टेकला आणि लग्नात म्हणायचे तसं म्हणाले, "हां, हनुवटी जरा वर... नजर माझ्याकडं..." आणि झगमगीत फ्लॅश मारला. फोटोत आलं नुसतं गवत. अर्फा हसून हसून तिथेच मातीत बसली. ती बराच वेळ उठली नाही. आणि गंमत म्हणजे, ती अशी गप्प बसली म्हणून थोड्या वेळानं हुदहुद परत आला.

तेव्हा अर्फाला एक गोष्ट कळली. नवरीला सांगता येतं, पाखराला सांगता येत नाही. त्याच्या वेळेला आपण तिथे असायचं, एवढंच आपल्या हातात.

पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीवर सुगरणींनी खोपे विणले. अर्फा रोज शाळेतून येताना थांबायची. एका नरानं अर्धा खोपा विणला, मादी येऊन बघून गेली, तिला पटला नाही, त्यानं दुसरा विणायला घेतला. फोटो त्या रुसलेल्या नराचा आला. थंडीत खाटीक नावाचा पक्षी बोरीच्या काट्यावर नाकतोडा टोचून ठेवताना सापडला. अम्मीला तो फोटो बघवेना. "कपाटात लाव, पण माझ्या तोंडाकडं नको," म्हणाली. त्याच थंडीत तळ्यावर रोहित पक्षी आले. त्यांच्यासाठी नाना आणि अर्फा पहाटेची एसटी धरून गेले. फोटोत पाण्याच्या पल्याडची एक गुलाबी रेघ तेवढी आली. नाना म्हणाले, "लाव तीच. आपल्याला दिसलं तेवढं खरं." लोक कपाटापुढे उभे राहून विचारायचे, "ह्यात पाखरू कुठाय?" आणि अर्फा त्यांना बोटानं रेघ दाखवायची.

असं करत करत मे उजाडला. कपाटात एकच नवरदेव उरला. आणि टाकीमागच्या माळावर अर्फाला टिटवी अंड्यांवर बसलेली दिसली.

टिटवी तुम्ही पाहिली नसेल तरी ऐकली असेल. उंच पिवळे पाय, काळी छाती, डोळ्यांपुढे लाल कातडीचा ठिपका आणि जिवाच्या आकांतानं ओरडणं, टिटिव, टिटिव! ही घरटं बांधत नाही. जमिनीत नावापुरती खळगी करते, चार खडे भोवती सारते आणि तिथेच अंडी घालते. अर्फा पंधरवडाभर तिला लांबून बघत होती. टाकीतून गळणाऱ्या पाण्याच्या डबक्यात नर-मादी पोट भिजवायचे आणि तुरुतुरु पळत जाऊन अंड्यांवर बसायचे, म्हणजे अंड्यांना गारवा. ती हे बघताना जेवायचं विसरायची.

एका सकाळी तिनं टाकीजवळून फोटो काढला. टिटवी नुकतीच उठत होती. पोटाखाली काहीतरी गोल गोल दिसत होतं, पण धूसर. कपाटात लावण्याजोगा फोटो नव्हता. अब्बांना दाखवण्याजोगा मात्र होता. तिनं अम्मीच्या मोबाइलवरून तो मुंबईला धाडला.

अब्बांना इतका आनंद झाला, की त्यांनी तो गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "माझ्या अर्फानं काढलेला फोटो. आपल्या टाकीमागची टिटवी, अंड्यांवर बसली आहे."

झालं. फोटो कसा आहे हे कुणी विचारलंच नाही. पहिला प्रश्न आला, "अंडी किती?"

आता हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. त्या भागात असं मानतात, की टिटवी जितकी अंडी घालते तितके महिने पाऊस पडतो. चार अंडी म्हणजे चारी महिने. तीन म्हणजे एक महिना कोरडा. खरं-खोटं राहू द्या बाजूला. पण जिथे पेरलेलं उगवेल की नाही हे ढगावर ठरतं, तिथे माणसं ढगाच्या आधी टिटवीला विचारतात.

स्टँडवर मदनशेठचं बी-बियाण्याचं दुकान होतं. शेठ मूळचे सांगलीकडचे, पण गावात इतकी वर्षं काढली होती, की भांडणंसुद्धा गावासारखीच करायचे. त्या दिवशी त्यांच्या फळीवर गुंडातात्या बसले होते. गुंडातात्या म्हणजे गावातला पावसाचा जाणकार. त्यांची नजर अधू झाली होती, पण शब्द अजून चालत होता. शेठनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून सांगितलं, "तात्या, तीन दिसत्यात."

"चार असणार."

"आवं, चष्मा लावून बघतोय मी."

"चष्मा डोळ्याला लावलाय, अकलेला न्हाई. टिटवी चारच घालती."

"मग दर साली चारच असत्यात, तर दुष्काळ पडतो कशानं?"

"त्या साली अंडी खोलगटात घातली हुती, येड्या! उंचावर घातली तरच पाऊस लय."

अर्फा नानांचा चहा न्यायला आली होती. तिला हसू आवरेना. पण घरी येऊन अम्मीचा मोबाइल बघितला आणि हसू थांबलं. मुंबईहून एकामागून एक निरोप येत होते. "चार असतील तर पेरणीला रजा टाकतो." "कुणीतरी जाऊन मोजा रे." "टाकीच्या मागं म्हणजे कुठल्या अंगाला?" आणि शेवटी गावातल्याच कुणीतरी लिहिलं होतं, "उद्या सकाळी जाऊन बघतो."

दुसऱ्या दिवशी अर्फा माळावर पोचली तेव्हा तिथे जत्रा भरली होती. टाकीखाली मोटारसायकली लावलेल्या. पंचवीस-तीस माणसं माळावर पसरून, माना खाली घालून अंडी शोधत होती. गुंडातात्या काठी टेकत सगळ्यांच्या पुढे होते. दोन्ही टिटव्या वर आभाळात घिरट्या घालत होत्या. ओरडून ओरडून त्यांचा आवाज फाटला होता. आणि ऊन चढत होतं.

अर्फाला एकटीलाच माहीत होतं, अंडी कुठे आहेत. ती कुणाला दिसत नव्हती, कारण ती दिसू नयेत अशीच होती. दाखवली, तर सगळे त्यांच्याभोवती कोंडाळं करणार, बसून मोजणार, मोबाइल पुढे करणार, आणि तोवर उन्हानं अंडी शिजणार. न दाखवावी, तर कुणाचा तरी जोडा त्यांच्यावर पडणार. मदनशेठची चप्पल आत्ताच खळगीपासून सात-आठ हातांवर आली होती.

"थांबा!" ती ओरडली.

टिटव्यांच्या गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही.

मग ती पळत सुटली, शेठच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पसरले. "एक पाऊल पुढं टाकायचं न्हाई! कुणीच न्हाई! आहे तिथंच उभं ऱ्हावा!"

आता मात्र सगळ्यांनी ऐकलं. जो तो जिथे होता तिथेच थांबला, एक पाय वर असलेला तसाच.

"काय गं, इंचू हाय का काय?" शेठ घाबरून म्हणाले.

"अंडी हायत. तुमच्या पायाला लागतील."

"कुठं?" पंचवीस माना एकदम वळल्या.

"ते सांगणार न्हाई," अर्फा म्हणाली. "शेठ, तुमी आलात तसं मागं मागं जावा. सगळ्यांनी टाकीकडं जायचं. त्या वर बघा, त्या खाली येईनात तुमच्यामुळं. अंड्यांना ऊन लागतंय."

"पोरी," गुंडातात्या काठी आपटत म्हणाले, "आमी अंडी खायला न्हाई आलो. मोजून जातो. चार का तीन, येवढंच सांग."

इथे अर्फाला खोटं बोलता आलं असतं. "चार," म्हटलं असतं तर सगळे खूश होऊन घरी गेले असते. ते तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तिनं ती मोजलीच नव्हती. आणि या एका शब्दावर कुणी रजा टाकणार होतं, कुणी बी नेणार होतं.

"मला ठावं न्हाई, तात्या," ती म्हणाली. "पण उद्या मी असा फोटो काढते, की तुमाला घरबसल्या मोजता येतील. तवर इथं कुणी यायचं न्हाई."

"आणि न्हाई निघाला फोटो?"

अर्फानं पुन्हा दोन्ही हात पसरले. तात्या म्हणाले, "उद्या दिवस मावळायच्या आत फोटो दाव. न्हाईतर परवा मी सोता येऊन मोजणार. मग आडवं यायचं न्हाई."

"व्हय," अर्फा म्हणाली.

माणसं गेली. अर्फा माळाच्या कडेच्या दगडांच्या ढिगामागे दबून बसली. बऱ्याच वेळानं एक टिटवी खाली उतरली. चार पावलं पळाली, थांबली, मान उंचावली, पुन्हा चार पावलं. मग अंड्यांवर बसली. तेव्हा कुठे अर्फानं श्वास सोडला.

संध्याकाळी अब्बांचा फोन आला. "चुकलं गं माझं. लय आनंद झाला, म्हणून टाकला फोटो."

"फोटो टाकलात त्याचं काय न्हाई, अब्बा. टाकीमागं असं कशाला लिवलंत?"

अब्बा म्हणाले, "माझ्या कधी ध्यानातच आलं न्हाई, की कुणी तिथं जाईल."

दुसऱ्या दिवशी नाना पहाटे तयार होऊन बसले. सकाळचं कोवळं ऊन म्हणजे फोटोला सोनं, हे त्यांचं आयुष्यभराचं शिक्षण. पण अर्फा म्हणाली, "नाना, सकाळी न्हाई. बाराला जायचं."

"बाराला? बाराच्या उन्हात नवरीसुद्धा भुतासारखी दिसती!"

"सकाळी ती अंड्यांवर बसून असती, हलत न्हाई. बाराला ती बसत न्हाई, अंड्यांवर उभी ऱ्हाती. पंख जरा पसरून, छत्री धरल्यागत. मी रोज बघितलंय. तवाच खालचं दिसंल."

नानांनी तिच्याकडे बघितलं, दाढी खाजवली आणि पुन्हा चहा टाकायला सांगितला.

अकराच्या सुमाराला दोघं लांबून वळसा घालून दगडांच्या ढिगामागे जाऊन बसले. नानांनी लग्नातली झूमची लेन्स लावली. बाजरीनं अर्धी भरलेली पिशवी दगडावर ठेवली आणि तिच्या खळग्यात कॅमेरा टेकवला, म्हणजे हात हलायला नको. वर गोणपाट ओढून घेतलं. आत भट्टी झाली. नानांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, पण ते हूं की चूं करेनात.

टिटवी अंड्यांवर बसलेली होती. ऊन चढलं. तिनं चोच उघडली, धापा टाकायला लागली. आणि मग, अर्फा म्हणाली होती तशीच, उठून उभी राहिली. पंख अंगापासून सुटे केले. खाली सावली पडली आणि त्या सावलीत अंडी दिसली.

खट्. खट्. खट्.

नानांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं आणि हळूच कुजबुजले, "तीन हायत."

"तिचा पाय आडवा येतोय, नाना. पायामागं काळं दिसतंय."

"सावली असंल. तीन तर तीन. खरं तेच सांगू आणि मोकळं होऊ."

"अजून थोडं थांबू."

नाना थांबले. लग्नातला माणूस होता तो, मुहूर्त टळून गेला तरी थांबायची त्यांना सवय होती. टिटवी मान खाली घालून चोचीनं अंडी फिरवू लागली. एक जरा सरकवलं, दुसरं सरकवलं, आणि स्वतः अर्धी वळली. पाय बाजूला झाला. अर्फाचं बोट दाबलं गेलं ते दाबलेलंच राहिलं. मग डबक्याकडून नर ओलं पोट घेऊन पळत आला, मादी उडाली आणि तो खाली बसला. सगळं झाकलं गेलं.

दिवस मावळायला अजून वेळ होता, तरी स्टुडिओपुढे गर्दी जमली. नानांनी कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. गुंडातात्यांना स्टुलावर बसवलं, नवरीला बसवतात त्या. मदनशेठ त्यांच्या खांद्यावरून वाकले. अर्फा उभी राहिली भिंतीला टेकून, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

फोटो उघडला. ऊन कडक होतं, रंग विटल्यासारखे वाटत होते, पण सगळं कसं लख्ख. टिटवीचे पिवळे पाय आणि त्यांच्यामध्ये ठिपक्या ठिपक्यांची अंडी, टोकं आत वळलेली.

"येक," सगळे एका सुरात मोजायला लागले. "दोन. तीन... चार!"

"चार!" बाहेरच्या लोकांनी आरोळी ठोकली. कुणीतरी लगेच मुंबईला फोन लावला. गुंडातात्यांनी शेठकडे असं बघितलं, की शेठनी आपणहून चष्मा काढून खिशात ठेवला.

पण तात्यांचं नाक अजून पडद्यालाच लागलेलं होतं. "नाना, ह्या चौथ्याला काय झालंय रं? हितं काळं काय हाय? फुटलंय का?"

काल माळावर गेलेले सगळे एकमेकांच्या पायांकडे बघू लागले. अर्फा कालची पावलं आठवू लागली. एवढं करूनही कुणाचा पाय लागला होता? की उन्हानं तडकलं होतं?

नानांनी फोटो मोठा केला. अजून मोठा केला. कवचावर चांदणीसारखा तडा होता. मधोमध बारीक भोक. आणि भोकातून काहीतरी पांढरं टोक बाहेर आलं होतं.

अर्फा भिंत सोडून पुढे झाली. तिनं पडद्याजवळ वाकून बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "बाहेरनं न्हाई फुटलं, तात्या! आतनं फुटलंय. ती चोच हाय. पिल्लू बाहेर येतंय!"

मदनशेठनी खिशातला चष्मा पुन्हा काढून लावला. बाहेरची माणसं दारातून माना घालून ते पांढरं टोक बघून जाऊ लागली, एकेक करून, पावलं न वाजवता.

शेवटी शेठच म्हणाले, "मग तात्या, पाऊस चारी महिने म्हणायचा नव्हं?"

"पाऊस ऱ्हाऊ दे बाजूला," तात्या एकदम खेकसले. "तिकडं बाई बाळंत व्हायला लागलीया आणि ह्याला पावसाची पडलीया! बाळंतिणीच्या खोलीत गडीमाणसं जात्यात का रं?"

"न्हाई जात."

"मग मी सांगंपतोर त्या माळाला कुणी फिरकायचं न्हाई. मेंढरं वढ्याच्या अंगानं न्या. मोटारसायकल टाकीला लावायची न्हाई. आणि तू," त्यांनी काठी अर्फाकडे वळवली, "तूबी जायाचं न्हाईस. तू झालीस तरी पाव्हणीच."

अर्फानं मान हलवली. हे तिला अपेक्षित नव्हतं, पण तात्यांचं चुकलेलं नव्हतं.

तुम्हाला ठाऊक आहे, वाट बघायची म्हटली की दिवस कसे लांबतात. अर्फा गच्चीवर जाऊन नुसतं ऐकायची. टिटवी अधूनमधून ओरडायची, म्हणजे आहे. ओढ्याच्या अंगानं मेंढरं जाताना दिसायची. टाकीकडे खरंच कुणी जात नव्हतं. दूधवालासुद्धा लांबून फिरून यायचा आणि उशीर झाला की अम्मीला म्हणायचा, "काय करणार भाभी, माळावर बाळंतीण हाय."

चौथ्या दिवशी सकाळी तात्यांनीच निरोप धाडला, "पोरीला म्हणावं, लांबनं बघून यी."

अर्फा कॅमेरा घेऊन वळसा घालून दगडांच्या ढिगाशी गेली. बाजरीची पिशवी टेकवली, लेन्समधून बघितलं. खळगी रिकामी होती. कवचाचा एक तुकडासुद्धा नव्हता. साप आला असेल? मुंगूस? घोरपड? तिनं भोवतालचा माळ हळूहळू, हात हात करत बघितला. खडे, खडे, वाळलेलं गवत, खडे.

तेवढ्यात डबक्याकडून मादी आली आणि हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली. नेहमीची बोंब नव्हे, घरात बोलतात तसं. आणि एक खडा उठून पळायला लागला! त्याला काड्यांसारखे दोन पाय होते. मग दुसरा खडा पळाला. तिसरा धडपडला आणि पुन्हा उठला. चौथा तर अर्फापासून सगळ्यात जवळ होता, तिनं दोनदा त्याच्यावरून नजर फिरवली होती. वरून घार गेली, मादीनं एक शब्द टाकला आणि चारी पिल्लं जिथल्या तिथे बसली. पुन्हा नुसता माळ.

अर्फानं त्याच वेळी फोटो काढला आणि आली तशी मागे फिरली.

घरी अम्मीचा मोबाइल वाजतच होता. तात्यांनी तिला बघायला धाडल्याचं गावभर झालं होतं. "पिल्लं झाली का?" "अर्फे, फोटो टाक." "किती जगली?" "आता कुठल्या अंगाला हायत? पोरं मागं लागलीत, बघायला न्यायचं म्हणत्यात." मुंबईहून अब्बांनीही विचारलं होतं, पण फक्त तिला.

अर्फा स्टुडिओत कॉम्प्युटरपुढे बसली. फोटोच्या एका कोपऱ्यात टाकीचा पाय आला होता. तो तिनं कापून टाकला. दुसऱ्या कोपऱ्यात बाभळीची फांदी डोकावत होती, तीही कापली. उरले ते खडे, वाळलेलं गवत आणि ऊन, असा माळ तर सगळ्या तालुक्यात पसरलाय. मग तिनं तो फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "चारी पिल्लं ह्या फोटोत हायत. पायाला त्रास देऊ नका, डोळ्यांनी शोधा. ज्याला चारी सापडतील त्यानं दुसऱ्याला सांगायचं न्हाई."